पिल्लाचे दुधाचे दात आणि लसीची तारीख : चावण्याची सवय कशी मोडायची?

दिवाळी आटोपली की अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांमध्ये जिन्याखाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड, बंद पडलेल्या टपरीखाली पिल्लं दिसू लागतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडावर व्यातात. मग राजापेठ असो की जठारपेठ, कुठल्या तरी घरातलं शाळकरी पोर एक पिल्लू स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणतं. आई दोन दिवस नाही म्हणते आणि तिसऱ्या दिवशी तीच दुधात पोळी कुस्करून देते.

महिनाभर सगळं लाडाचं असतं. नंतर ते चावायला लागतं. आजीच्या लुगड्याचा पदर, बाबांच्या पायजम्याचा नाडा, पोरांच्या पिंढऱ्या, काही सुटत नाही. 'काहून चावते बा हे?' हा प्रश्न घरात रोज निघतो आणि त्यावर प्रत्येकाकडे वेगळा उपाय असतो. कोणी म्हणतं नाकावर टिचकी मारा, कोणी म्हणतं बांधून ठेवा, कोणी म्हणतं मोठं झालं की आपोआप सुटेल.

यातला एकही उपाय पुरेसा नाही, आणि पहिला तर उलटा पडतो. शिवाय या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक शिकवण्याची, दुसरी दवाखान्याची. पहिलीसाठी काही आठवडे हाताशी असतात. दुसरीसाठी थांबता येत नाही.

आधी हे दात समजून घ्या

पिल्लाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. ते एकूण २८ असतात आणि सुईसारखे टोकदार. जबड्यात अजून जोर नसतो, पण टोक असं की नुसतं दाबलं तरी समोरचा कळवळतो. शिकण्याच्या दृष्टीने ही सोयच म्हणायची. भावंडांच्या कुस्तीत एकाने जास्त जोरात धरलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. दूध पिताना आईला दात लागले की ती उठून चालायला लागते. जोरात चावलं की मजा बंद, हा धडा पिल्लू दिवसातून पन्नास वेळा गिरवतं.

माणसाचं मूल हाताने चाचपून वस्तू ओळखतं, पिल्लू तोंडाने. त्यामुळे तोंडात धरणं ही त्याची खोड नव्हे, कामच आहे. किती जोरात धरायचं हे मात्र त्याला कोणीतरी शिकवावं लागतं, आणि ते काम निसर्गाने आई आणि भावंडांवर सोपवलेलं आहे.

म्हणूनच पिल्लू किती दिवसांचं असताना घरी आणलं, याला फार महत्त्व आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. रस्त्यावरच्या पिल्लाला हा नियम लागू होत नाही, पण त्यामागचं कारण लागू होतं. तीन-चार आठवड्यांचं पिल्लू उचलून आणलं तर तो धडा अर्धवट सुटतो आणि मग घरातल्या माणसांना आईची आणि भावंडांची जागा घ्यावी लागते. पिल्लू आवडलं असेल आणि आई धडधाकट असेल, तर आठ आठवडे होईपर्यंत त्या कुत्रीलाच रोज खायला नेऊन द्यावं. पिल्लू तिच्याजवळ वाढेल आणि त्या घराच्या माणसांचा वासही ओळखू लागेल.

सर्वाधिक चावण्याचे दिवस, तेच लस नसलेले

आता दवाखान्याची बाजू. ती शेवटी सांगायची पद्धत आहे, पण इथे आधी सांगणं गरजेचं आहे.

पिल्लांना रेबीजची पहिली लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते आणि ती लसीच्या आड येऊ शकते. आईलाच कधी लस मिळाली नसेल तर पिल्लाकडे तेवढीही ढाल नसते. अशा वेळी पशुवैद्यक परिस्थिती पाहून लस आधीही देतात, मात्र पुढचा डोस मग चुकवून चालत नाही. म्हणजे दोन ते तीन महिन्यांच्या वयात पिल्लू घरात सर्वाधिक तोंड मारतं आणि नेमकं तेव्हाच त्याची लस झालेली नसते. 'एवढंसं तर आहे, त्याला कुठला रेबीज' हा समज इथे घातक ठरतो. रेबीज झालेल्या कुत्र्याचा चावा पिल्लालाही बसू शकतो, आणि पिल्लाच्या लाळेतूनही रोग पसरतो.

रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की तो जवळपास नेहमी जीवघेणा ठरतो. वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. त्यातल्या ४ लाख ८५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित प्राण्यांच्या चाव्यांना बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात.

डॉक्टर चाव्याचे तीन प्रकार करतात. धड त्वचेला नुसतं चाटलं तर पहिला प्रकार, त्यात फक्त धुवायचं. उघड्या त्वचेवर दात लागले, रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरा प्रकार, त्यात लस लागते. दात आत रुतले, रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर लाळ लागली तर तिसरा. त्यात लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं. पिल्लाचं खेळता खेळता कुरतडणं बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतं. घरात ज्याला आपण 'काही नाही, दात लागला नुसता' म्हणतो, तो वैद्यकीय भाषेत लसीचा विषय असतो.

दात लागला की वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. अमरावतीत इर्विन रुग्णालयात, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात ही लस मिळते. गावाकडे आधी ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. दंडाच्या स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती अजून बऱ्याच घरांत आहे. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

पिल्लू घरचंच असेल आणि पुढचे दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर उरलेले डोस घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात. त्या दहा दिवसांची वाट पाहत पहिला डोस मात्र लांबवायचा नाही.

इथे एक अडचण घरातच असते. मुलं सांगत नाहीत. चावलं असं कळलं तर पिल्लू घराबाहेर जाईल, ही भीती त्यांना इंजेक्शनपेक्षा मोठी वाटते. त्यामुळे पिल्लू घरी आलं त्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगून ठेवायला हवं की दात लागल्याचं सांगितलं म्हणून पिल्लू कुठेही जाणार नाही. सांगितलं नाही तर काय होऊ शकतं, हेही त्यांच्या वयाला झेपेल असं सांगावं.

खेळ थांबतो, तीच शिक्षा

शिकवण्याचं सूत्र आईचंच आहे. दात लागले की खेळ संपला.

पिल्लाने हात धरला तर हात झटकून ओढायचा नाही. ओढलेला हात त्याच्या लेखी पळणारा उंदीर असतो, ते आणखी घट्ट धरतं. हात सैल सोडायचा, आवाज न करता, आणि पकड ढिली झाली की उठून पाठ फिरवायची. पंधरा-वीस सेकंद त्याच्याकडे बघायचंही नाही. मग शांतपणे परत यायचं आणि हातात आपला हात नव्हे, त्याचं खेळणं घेऊन यायचं. पुन्हा दात लागले तर पुन्हा तेच. एका बैठकीत तीन-चारदा असं झालं तर खेळ गुंडाळून ठेवायचा.

काही पिल्लं पाठ फिरवली की टाचांना येऊन भिडतात. अशांसाठी दाराला आडवी फळी लावली तर आपण फळीपलीकडे जाऊन उभं राहता येतं. त्याला कोंडायचं नाही, आपणच बाजूला व्हायचं. यात फरक आहे. कोंडलेलं पिल्लू अर्ध्या तासाने कशासाठी कोंडलं ते विसरलेलं असतं, आणि वीस सेकंदात मात्र त्याचा नेमका संबंध लागतो.

पहिल्या चार-पाच दिवसांत चावणं कमी होण्याऐवजी वाढल्यासारखं वाटतं. कालपर्यंत चालणारी युक्ती आज चालत नाही म्हटल्यावर पिल्लू ती आणखी जोरात करून पाहतं. बहुतेक घरं नेमकी याच टप्प्यावर 'हे काही खरं नाही' म्हणून सोडून देतात. आणखी आठवडाभर नेटाने केलं तर फरक दिसू लागतो.

'आई गं' असं ओरडावं, म्हणजे भावंड केकाटल्यासारखं पिल्लाला कळतं, असा सल्ला सर्वत्र मिळतो. तो निम्मा खरा आहे. काही पिल्लं दचकून थांबतात, पण बरीच त्या आवाजाने आणखी चेकाळतात. लहान मुलांच्या किंचाळण्याने तर हमखास. एक-दोनदा करून पाहावं आणि पिल्लू चेकाळत असेल तर गप्प राहून उठणंच बरं.

इयान डनबर या ब्रिटिश पशुवैद्यकाने १९८० च्या दशकात अमेरिकेत लहान पिल्लांसाठी वर्ग सुरू केले. त्याचा आग्रह असा की आधी चावण्याचा जोर कमी करावा, मग चावण्याची संख्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून 'दात लागताच कामा नयेत' असं न म्हणता आधी जोरात धरल्यावर खेळ थांबवायचा, काही दिवसांनी मध्यम जोरावर, शेवटी नुसत्या स्पर्शावर. जबड्याचा जोर आवरायला शिकलेला कुत्रा पुढे कधी दुखण्याने, घाबरून कोणाला धरायला गेलाच तर इजा कमी होते, असा त्यामागचा विचार. तो पटण्यासारखा आहे. पण ज्या घरात तीन वर्षांचं मूल आहे आणि पिल्लाला अजून लस नाही, तिथे या पायऱ्या चढत बसायला वाव नसतो. तिथे दात लागले की खेळ बंद, पहिल्या दिवसापासून.

हातावरचा एक सोपा सराव आहे. जेवणातले दहा-बारा घास बाजूला काढायचे. एक घास मुठीत धरून मूठ पिल्लासमोर धरायची. ते कुरतडेल, पंजा मारेल. मूठ उघडायची नाही. क्षणभर तोंड मागे घेतलं, नुसतं हुंगलं किंवा चाटलं, की मूठ उघडून घास तळव्यावर द्यायचा. दोन-तीन दिवसांत पिल्लू मूठ दिसली की मागे सरून बसू लागतं. दाताने काही मिळत नाही, थांबल्याने मिळतं, हे त्याला एकही शब्द न बोलता कळलेलं असतं. हा सराव मोठ्यांनी करायचा, मुलांनी नंतर.

वस्तू सोडवण्याचंही तसंच. पिल्लाने चप्पल पळवली की अख्खं घर मागे धावतं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले अशी गोष्ट आहे. आपल्या घरात धावणाऱ्याच्या हातात दुसरी चप्पल असते एवढाच फरक, आणि पिल्लाला दोन्हींतून एकच कळतं की पळवलं की सगळे खेळायला येतात. धावण्याऐवजी त्याच्याहून चांगली वस्तू पुढे करून 'सोड' म्हणावं, आणि सोडल्यावर ती खरोखर द्यावी.

सगळ्यात अवघड भाग पिल्लाचा नाही, घरातल्या माणसांचा आहे. बाबा संध्याकाळी हात पुढे करून कुस्ती खेळतात, ताई पाठ फिरवते, आजी लाटणं दाखवते, धाकटा किंचाळत पलंगावर चढतो. अशा घरात पिल्लाने नेमकं काय शिकावं? एक नियम ठरवून तो फ्रिजवर चिकटवावा आणि पाहुण्यांनाही सांगावा. हाताने कुस्ती बंद, हा त्यातला पहिला.

झोपेकडेही लक्ष हवं. या वयाचं पिल्लू दिवसातले १८ तासांपर्यंत झोपतं. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास अंगात आल्यासारखं घरभर धावतं, दिसेल त्याला धरतं, ते अनेकदा मस्ती नसून झोप न झाल्याची चिडचिड असते. शाळा सुटल्यावर मुलांनी दोन तास उठवून उठवून खेळवलेलं असतं. अशा वेळी शिकवायला जाऊ नये. अंधाऱ्या कोपऱ्यात त्याची पोत्याची घडी टाकून झोपू द्यावं.

मार्च-एप्रिलचे दात आणि वऱ्हाडातलं ऊन

नोव्हेंबरात जन्मलेल्या पिल्लाचे दुधाचे दात फेब्रुवारी-मार्चमध्ये पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, चघळायला काहीतरी हवंच असतं. म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांत घरात कोणाला वेळ नसतो तेव्हा हे सुरू होतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं दिवसभर घरात असतात तेव्हा भर असतो. त्यात अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. दुपारभर कूलरपुढे पाच माणसं आणि एक पिल्लू एकाच खोलीत.

चघळायला काय द्यायचं? जुन्या सुती कापडाची जाड गाठ ओली करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. ती थंडगार कडक गाठ हिरड्यांनाही बरी वाटते आणि उन्हालाही. गाजर, काकडीचा मोठा तुकडा चालतो. कापडाचे धागे सुटू लागले की फेकून द्यावं, ते पोटात गेले तर आतडी अडकतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत, ती फुटून टोकदार होतात. जुनी चप्पल मुळीच नको. जुनी कुठली आणि परवा घेतलेली कुठली, हे पिल्लाला कळत नाही.

कूलरची वायर या दिवसांत सर्वांत धोक्याची. ती भिंतीवर उंच खिळ्यांना अडकवावी किंवा पाइपमधून न्यावी. कूलरच्या जाळीतलं गवत ओढून खाणं हाही पिल्लांचा आवडता उद्योग, तेव्हा जाळीची खालची बाजू झाकलेली बरी. फिरायला सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळून रस्ता निवाल्यावर. तापलेल्या डांबराने पंजे भाजलेलं, तहानलेलं पिल्लू चिडतं आणि चिडलेलं पिल्लू चावतं.

भुकेचंही तसंच. नुसत्या दूध-पोळीवर पिल्लाचं भागत नाही, अनेकांना दूध पचतही नाही. अंडं, शिजवलेलं चिकन, वरण-भात, दही यांपैकी काहीतरी रोज हवं. घरचं देताना झुणक्यातला कांदा, लसूण, तसंच द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट यांपासून त्याला लांब ठेवावं. हे सगळे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत.

वर्तमानपत्राची गुंडाळी नको

नाकावर टिचकी, पेपरच्या गुंडाळीचा फटका, तोंड घट्ट दाबून धरणं, पाठीवर लोळवून दाबून ठेवणं. हे उपाय अजूनही छातीठोकपणे सांगितले जातात. यामागे एक जुनी कल्पना आहे. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या बाकीच्यांना दाबून ठेवतो, तेव्हा घरात माणसानेही म्होरक्या व्हावं, अशी. रुडॉल्फ शेंकेल याने १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून ती मांडली. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक याच्या १९७० च्या पुस्तकातून ती जगभर गेली. पुढे जंगलातल्या लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास करून मेकनेच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची पिल्लं असतात, तिथे म्होरकेपणाची रोजची मारामारी नसते. ती जगभर नेणाऱ्या अभ्यासकानेच मागे घेतलेली कल्पना गल्लीतल्या सल्ल्यांत मात्र टिकून आहे.

मार खाल्लेलं पिल्लू त्या क्षणी थांबतं, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. प्रत्यक्षात ते एकतर हाताला घाबरायला शिकतं किंवा गुरगुरायचं बंद करतं. दुसरं जास्त वाईट. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. ती मारून बंद केली की पुढे तोच कुत्रा काही न सांगता चावतो, आणि लोक म्हणतात, एवढा गुणी होता, अचानक काय झालं.

मुलांचा 'स्टॅच्यू' आणि आजीचा पदर

लहान मुलांना पिल्लासमोर 'शांत राहा' म्हणून उपयोग नसतो. पण 'स्टॅच्यू' हा खेळ त्यांना येतो. पिल्लू अंगावर आलं की स्टॅच्यू. हात छातीशी घडी घालून, नजर जमिनीकडे, तोंडातून आवाज नाही. हलणारी, किंचाळणारी वस्तूच पिल्लाला हवी असते. पुतळ्यात त्याला रस राहत नाही. दिवसातून दोन-चारदा पिल्लू शांत असतानाही हा खेळ घ्यावा, म्हणजे गरजेच्या वेळी आठवतो.

बाकी नियम थोडेच. पिल्लू खात असेल, झोपलं असेल तर जवळ जायचं नाही. कान-शेपूट ओढायची नाही. गळ्यात हात घालून आवळायचं नाही. माणसाला मिठी प्रेमाची वाटते, पिल्लाला अडकल्यासारखं होतं. सहा-सात वर्षांखालचं मूल आणि पिल्लू एका खोलीत एकटं ठेवायचं नाही, शेजारच्या खोलीत मोठं माणूस असलं तरी.

आजी-आजोबांचा विचार अनेकदा कोणी करत नाही. म्हातारपणी कातडी पातळ होते, पिल्लाचा साधा दातही सोलून काढतो. मधुमेह असेल तर जखम चिघळते, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर थांबत नाही. पदर किंवा धोतराचा सोगा ओढला जाऊन पडण्याचा धोका वेगळाच. आजी पूजेला किंवा निवडायला खाली बसते त्या वेळी पिल्लू फळीपलीकडे असावं. आजीला प्रशिक्षक करण्यापेक्षा हे सोपं.

शेजारीपाजारी, दूधवाला, भाजीवाली यांची ओळखही याच वयात व्हायला हवी. तीन ते चौदा आठवडे हा काळ पिल्लाच्या ओळखीपाळखीचा. तेव्हा न पाहिलेली माणसं, आवाज, गाड्या यांची त्याला पुढे धास्ती वाटते, आणि मोठ्या कुत्र्यांचे बरेच चावे धास्तीपोटीच होतात. पार्व्हो, डिस्टेंपर या रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, म्हणून तोवर त्याला रस्त्यावर, इतर कुत्र्यांत सोडता येत नाही. कडेवर घेऊन चौकापर्यंत चक्कर मारता येते.

हा खेळ नव्हे

खेळातलं पिल्लू सैल असतं, उड्या मारतं, सुटतं, परत येतं. अंग ताठ, नजर एका जागी रोखलेली, ताटलीवर झुकून खालच्या आवाजात गुरगुर, किंवा एका विशिष्ट जागी हात लावला की चावणं, ही वेगळी गोष्ट. कुठे दुखत असेल किंवा भीती बसली असेल. पशुवैद्यकाला दाखवावं. अकोल्यात नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, अमरावतीतही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे.

एक प्रसंग मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखा. कालपर्यंत खेळणारं पिल्लू एकदम सुस्त किंवा एकदम बेभान झालं, आवाज घोगरा झाला, तोंडातून लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, खालचा जबडा लोंबू लागला. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि कोणीतरी मायेने तोंडात हात घालतं. ही रेबीजची लक्षणं असू शकतात. हात घालायचा नाही. पिल्लाला रिकाम्या खोलीत बंद करून पशुवैद्यकाला बोलवायचं आणि गेल्या दहा-पंधरा दिवसांत ज्यांना ज्यांना त्याचा दात किंवा लाळ लागली त्या सगळ्यांनी दवाखान्यात जायचं. बाकीच्या वेळी खरंच हाड अडकलेलं असेलही, पण ते पशुवैद्यकाने काढायचं.

सहा महिन्यांनंतर

शिकवणं नेटाने झालं तर साडेचार-पाच महिन्यांपर्यंत जोराचे चावे थांबतात आणि पक्के दात आल्यावर कुरतडणंही ओसरतं. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतरही रक्त निघेपर्यंत चावत असेल तर 'मोठं झालं की सुटेल' म्हणत बसू नये. आता दात पक्के आहेत, जबड्यात जोर आला आहे.

याच वयात बरीच पिल्लं घराबाहेर जातात. जानेवारीत स्वेटरमध्ये आलेलं पिल्लू जूनमध्ये दुचाकीवर बसवून एमआयडीसीच्या रस्त्याला सोडलं जातं. पाळलेला प्राणी असा सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आपला प्राणी कोणाला इजा करू नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं, रेबीजचे संशयित आणि आक्रमक कुत्रे वगळून. माणसांत वाढलेलं, चावायची सवय न सुटलेलं आणि अन्न शोधता न येणारं पिल्लू अशा रस्त्यावर किती दिवस काढेल, आणि कोणाच्या पोराला चावेल, हे सोडणाऱ्याला कळत नाही असं नाही.

ज्या घरात ते टिकतं तिथे पशुवैद्यकाने दिलेलं लसीचं कार्ड फ्रिजवर, नियमांच्या कागदाशेजारी लावावं आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. फेब्रुवारीत पहिली लस झाली असेल तर पशुवैद्यक साधारण महिनाभराने बूस्टरला बोलावतात, आणि त्यानंतर दरवर्षी एकदा.